अमेरिकेतला टॅक्स आणि फायलिंग स्टेटस: मराठी घरांतून सतत येणारे प्रश्न

जानेवारीच्या शेवटी डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा कागद) हातात पडतात आणि माझा फोन वाजायला लागतो. गेली कित्येक वर्षं ओळखीतल्या मंडळींना रिटर्न भरायला मदत करतेय आणि दर वर्षी त्याच आठ-दहा गोष्टींवर गाडी अडते, त्यातल्या निम्म्या तरी फायलिंग स्टेटसच्या. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय. आकडे २०२५ च्या कमाईचे आहेत, म्हणजे जे रिटर्न १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायचं त्याचे, आणि फक्त फेडरल टॅक्सचे. स्टेटचं गणित वेगळं, बहुतेक ठिकाणी स्टेटस मात्र तेच धरतात.

१. फायलिंग स्टेटस म्हणजे नक्की काय? फॉर्मवर टिक करायची एवढंच ना?

लग्न आणि घरची परिस्थिती बघून टॅक्ससाठी तुम्ही कुठल्या गटात मोडता ते. टिक एकच असते पण पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. फॉर्म १०४० (फेडरल रिटर्नचा मुख्य फॉर्म) वर पाच पर्याय असतात: सिंगल, मॅरीड फायलिंग जॉइंटली (पुढे नुसतं जॉइंट म्हणते), मॅरीड फायलिंग सेपरेटली (सेपरेट), हेड ऑफ हाउसहोल्ड (प्रश्न १२), आणि क्वालिफाइंग सर्व्हायव्हिंग स्पाउस (जोडीदार गेल्यानंतरचा, प्रश्न २१). स्टँडर्ड डिडक्शन (कमाईतून सरसकट वजा होणारी रक्कम) किती, कुठल्या कमाईपासून कुठला दर लागणार, कुठली क्रेडिट (थेट टॅक्समधून वजा होणारी सूट) मिळणार आणि कुठली हातची जाणार, सगळं यावरून. आणि हे पाचही तुमच्यासाठी खुले नसतात हे आधी लक्षात घ्या. लग्न झालंय की नाही ही वस्तुस्थिती आहे, ती निवडता येत नाही. निवड असते ती त्याच्या पुढची, आणि ती दर वर्षी नव्याने करता येते.

२. भारतात नवरा-बायको आपापलं रिटर्न भरतात, इथे एकत्र का?

भारतात कर माणसावर आहे, जोडप्यावर नाही, आणि हिंदू अविभक्त कुटुंब म्हणजे एचयूएफ हे वेगळंच खातं. इथे १९४८ च्या कायद्यापासून जोडप्याची कमाई एकत्र धरून दोघांत वाटल्यासारखा कर लावायला सुरुवात झाली. त्याआधी काही राज्यांत लग्नानंतरची कमाई कायद्यानेच निम्मी-निम्मी मानली जायची, १९३० मध्ये सुप्रीम कोर्टाने वॉशिंग्टन राज्यातल्या एका जोडप्याच्या खटल्यात ते मान्य केलं, आणि मग बाकीच्या राज्यांतल्या लोकांनी विचारलं की आम्ही का जास्त भरायचं.

गोव्याच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. तिथे पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून भारताच्या १९६१ च्या आयकर कायद्यात त्यांच्यासाठी कलम ५अ होतं: भाडं, व्याज, धंद्याचं उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं, पगार मात्र ज्याचा त्याचा. पण तिथेही रिटर्न दोघांचं वेगळंच. इथली सामाईक मालमत्तेची राज्यं प्रश्न १७ मध्ये.

३. फरक किती पडतो ते आकड्यात सांगा ना.

स्टँडर्ड डिडक्शन आधी. सिंगल आणि सेपरेटला १५,७५०, हेड ऑफ हाउसहोल्डला २३,६२५, जॉइंट आणि सर्व्हायव्हिंग स्पाउसला ३१,५०० डॉलर. (२०२६ च्या कमाईला हेच १६,१००, २४,१५० आणि ३२,२०० आहे.)

आता घरात एकच जण कमावतोय, पगार १,२०,०००, दुसरं काही नाही. सिंगल असेल तर टॅक्स १७,८६७. लग्न झालंय, बायकोला कमाई नाही आणि जॉइंट भरलं तर १०,१४३. तोच माणूस हेड ऑफ हाउसहोल्ड असेल तर साधारण १४,३७८. लग्न झालेलं असून सेपरेट भरलं तर पुन्हा १७,८६७. म्हणजे जॉइंट आणि सेपरेट यात ७,७२४ डॉलरचा फरक, आणि कमाईत एका डॉलरचा फरक नाही.

हे कशाने होतं? एक तर डिडक्शन दुप्पट. आणि डिडक्शन वजा करून उरलेल्या कमाईवरचा १२ टक्क्यांचा टप्पा सिंगलला ४८,४७५ ला संपतो, जॉइंटला ९६,९५० पर्यंत जातो, त्यामुळे वरच्या उदाहरणात जॉइंटवाल्याची कमाई २२ टक्क्यांना शिवतच नाही. दर पूर्ण पगाराला लागत नाही, त्या त्या टप्प्यातल्या पैशाला लागतो. पगार वाढला तर वरच्या ब्रॅकेटमध्ये जाऊन हातात कमी येईल अशी भीती बरेच जण बोलून दाखवतात, तसं होत नाही.

४. माझं लग्न २७ डिसेंबरला कोल्हापूरला झालं, बायको अजून तिकडेच आहे, व्हिसा व्हायचाय. या वर्षी मी सिंगल भरू ना?

नाही. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर पूर्ण वर्षासाठी विवाहित. मग ते लग्न जानेवारीतलं असो नाहीतर वर्षाच्या शेवटच्या मुहूर्तावरचं. सिंगलचा दरवाजा बंद. उरतं सेपरेट, किंवा बायकोला रेसिडेंट (टॅक्ससाठी इथली रहिवासी, प्रश्न १०) धरायचं निवडून जॉइंट, ते प्रश्न ९ मध्ये सविस्तर आहे.

उलट बाजूने पण हाच नियम. घटस्फोटाची डिक्री ३१ डिसेंबरपर्यंत हातात आली असेल तर पूर्ण वर्ष अविवाहित. अर्ज दाखल झालाय, तारखा चालू आहेत, संमतीने होणार आहे, हे सगळं असूनही डिक्री आली नसेल तर तुम्ही विवाहितच. कोर्टाने कायदेशीर विभक्त केल्याचा हुकूम असेल तर तो चालतो, नुसतं वेगळं राहणं चालत नाही (अपवाद प्रश्न १३).

५. लग्न भारतात झालं, इथे कुठेही रजिस्टर केलेलं नाही. मग इथल्या सरकारसाठी आम्ही विवाहित का?

हो. परदेशात झालेलं लग्न अमेरिकेतल्या एका जरी राज्यात मान्य होण्यासारखं असेल तर टॅक्सला ते लग्नच. इथे वेगळी नोंदणी लागत नाही. रिटर्नबरोबर सर्टिफिकेट जोडायचं नसतं, पण व्हिसासाठी ते केलेलं असतंच, जपून ठेवा.

समलिंगी जोडप्यांनाही २०१३ पासून फेडरल टॅक्समध्ये हेच नियम. लिव्ह-इन मात्र लग्न नाही, दोघांनी आपापलं भरायचं. टेक्सास, कोलोरॅडो अशा काही राज्यांत सोहळा न करताही कायद्याने लग्न मानलं जातं, तिथे राहून तुम्ही जगाला नवरा-बायको म्हणून सांगत असाल तर आधी हे तपासा.

६. आम्ही दोघंही नोकरी करतो. वेगळं भरलं तर कमी लागेल का?

बहुतेक वेळा नाही. दोघांना १,२०,००० असेल तर वेगळे दोन सिंगल म्हणून ३५,७३४ आणि जॉइंट म्हणूनही ३५,७३४, डॉलरला डॉलर सारखं. एकाला २,००,००० आणि दुसऱ्याला ४०,००० असेल तर वेगळ्या दरांनी दोघांचं मिळून ३९,७३८ च्या आसपास होतं, जॉइंटने तेच ३५,७३४. कमाईत जितकी तफावत तितका जॉइंटचा फायदा.

लग्नाचा तोटा होतो तो वरच्या कमाईला आणि काही ठरावीक जागी. ३७ टक्क्यांचा दर सिंगलला ६,२६,३५० च्या वर, जॉइंटला ७,५१,६०० च्या वर, दुप्पट नाही. मेडिकेअरचा (वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठीचा) जादा ०.९ टक्के सिंगलला २ लाखांच्या वर आणि जॉइंटला अडीच लाखांच्या वर. दोघांना १,८०,००० असेल तर कुठलीच कंपनी हा ०.९ टक्का कापत नाही, कारण प्रत्येकाचा पगार २ लाखांच्या आत, पण मिळून ३,६०,००० होतात आणि रिटर्नमध्ये ९९० डॉलर निघतात. शेअरमधला तोटा पगारातून वजा करायची मर्यादा सिंगलला ३,००० आणि जोडप्यालाही ३,०००. पण सेपरेट भरून यातलं काही सुटत नाही, सेपरेटला मर्यादा आणखी निम्म्या होतात (१,२५,००० आणि १,५००).

७. आमचं सगळं पगारातून कापलं जातं, तरी एप्रिलमध्ये १५ हजार भरायला आले! चूक कुठे झाली?

डब्ल्यू-४ मध्ये, म्हणजे पगारातून किती टॅक्स कापायचा ते कंपनीला सांगणाऱ्या फॉर्ममध्ये, आणि ही चूक मी इतक्या घरांत बघितलीय की यावर जास्त लिहिणार आहे.

एका घरी डायनिंग टेबलवर दोघांचे डब्ल्यू-२ शेजारी-शेजारी ठेवले. दोघांचा पगार जवळपास सारखा, १,२०,००० च्या आसपास, आणि बॉक्स २ मध्ये, म्हणजे कापलेला फेडरल टॅक्स, दोघांच्याही १० हजारांच्या थोडा वर. दोघांचे मिळून साडेवीस हजार कापलेले आणि देणं पस्तीस हजारांच्या वर. दोघांनीही नोकरी लागताना डब्ल्यू-४ वर खरं तेच भरलं होतं, मॅरीड फायलिंग जॉइंटली, सही, तारीख. राहिलं काय तर स्टेप २, घरात दुसरी नोकरीही आहे हे सांगणारी.

झालं असं की दोन्ही कंपन्यांनी मानलं की या घरात कमावणारा एकच. दोघांनीही अख्खं स्टँडर्ड डिडक्शन दिलं, दोघांनीही रुंद ब्रॅकेट दिली, तीच गोष्ट दोनदा. उपाय सोपा आहे: दोघांचा पगार साधारण सारखा असेल तर दोघांनीही स्टेप २ मधल्या (सी) चौकोनात टिक करायची. पगारात बरीच तफावत असेल तर आयआरएसच्या (फेडरल टॅक्स खात्याच्या) साइटवर विदहोल्डिंगचा (पगारातून कापायच्या टॅक्सचा) एस्टिमेटर आहे त्यात आकडे टाकून स्टेप ४ मध्ये जादा रक्कम लिहायची. नवीन डब्ल्यू-४ वर्षात कधीही देता येतो.

आणि कमी कापलं गेलं की पेनल्टीही लागू शकते. या वर्षीच्या देण्याच्या ९० टक्के, किंवा गेल्या वर्षीच्या टॅक्सच्या १०० टक्के (गेल्या वर्षीची एजीआय, म्हणजे ठरावीक वजावटी काढून उरलेली कमाई, दीड लाखांच्या वर असेल तर ११० टक्के) भरलेले असतील तर सुटका. नव्याने लग्न झालेल्यांनी, आणि जिला नुकतंच एच-४ ईएडी (एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर काम करायची परवानगी) मिळून नोकरी लागलीय तिने तर पहिल्या महिन्यातच हे बघावं.

८. बायको एच-४ वर आहे, सोशल सिक्युरिटी नंबर नाही. जॉइंट भरता येईल का?

येईल, आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर न मिळणाऱ्यांसाठीचा टॅक्स नंबर) काढून. फॉर्म डब्ल्यू-७ रिटर्नलाच जोडून पाठवायचा, तो ऑस्टिन, टेक्सासला जातो. रिटर्नवर नंबरची जागा मोकळी सोडायची. सीझनमध्ये ९ ते ११ आठवडे धरून चाला.

पासपोर्टची कॉपी नोटरीकडून शिक्का मारून आणून जोडली तर अर्ज परत येतो. माझ्या बहिणीचा असाच परत आला होता, ज्याला पैसे देऊन भरून घेतलं त्यानेच नोटरी चालते म्हणून सांगितलं होतं, आणि तिचा रिफंड पावसाळ्यापर्यंत लटकला. एक तर मूळ पासपोर्ट पाठवायचा, नाहीतर सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंटकडे (आयआरएसने मान्यता दिलेल्या) जाऊन तपासून घ्यायचा, नाहीतर आयआरएसच्या टॅक्सपेअर असिस्टन्स सेंटरची अपॉइंटमेंट. मूळ पासपोर्ट पोस्टात टाकायला माझं मन धजत नाही, मी एजंटच सुचवते.

सलग तीन वर्षं रिटर्नवर वापरला नाही तर आयटीआयएन संपतो. एच-४ ईएडी मिळून एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) आला की आयआरएसला कळवून आयटीआयएन बंद करायचा.

मुलांचं: चाइल्ड टॅक्स क्रेडिट २,२०० डॉलर, पण मुलाला एसएसएन हवा आणि जॉइंटमध्ये आई-वडिलांपैकी एकाला तरी हवा. भारतात जन्मलेलं, एच-४ वर असलेलं मूल आयटीआयएनवर असेल तर त्याचं ५०० चं क्रेडिट मिळतं. कमाई वाढत गेली की हे क्रेडिट कमी होतं, जॉइंटला ४ लाखांनंतर, बाकी सगळ्यांना २ लाखांनंतर.

९. बायको पुण्यातच नोकरी करते, इकडे आलेलीच नाही. तरी जॉइंट?

चालतं, पण हिशोब करून. एक जण वर्षअखेरीला इथला रेसिडेंट किंवा नागरिक असेल तर दोघांनी मिळून निवडता येतं की दुसऱ्यालाही पूर्ण वर्ष रेसिडेंट धरा. रिटर्नला दोघांच्या सहीचं निवेदन जोडायचं, तिच्यासाठी डब्ल्यू-७ (प्रश्न ८).

किंमत ही की तिची जगभरातली कमाई इथल्या रिटर्नवर येते. पुण्याचा पगार, एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, सगळं. तिकडे भरलेला टॅक्स फॉरेन टॅक्स क्रेडिट म्हणून फॉर्म १११६ ने वजा होतो, त्यामुळे पगारावर दोनदा कर सहसा पडत नाही. त्रास होतो तो म्युच्युअल फंडांचा. भारतातले फंड इथे पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपन्या) धरले जातात, त्यांचा फॉर्म ८६२१, आणि तो किचकट आहे. तिची कमाई शून्य किंवा थोडी असेल तर प्रश्न ३ मधले साडेसात हजारांच्या वर वाचतात. तिची कमाई चांगली आणि गुंतवणूक पसरलेली असेल तर मी सेपरेटचाही हिशोब मांडायला सांगते.

आणखी एक, ही निवड एकदा केली की पुढच्या वर्षांनाही लागू राहते, आणि ती एकदा मोडली की त्याच जोडप्याला पुन्हा कधीच करता येत नाही.

१०. मी ऑक्टोबर २०२५ मध्ये एच-१बी वर आलो. मी कुठल्या खात्यात?

अमेरिकेत असलेले दिवस मोजा. या वर्षीचे सगळे, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश, बेरीज १८३ झाली (आणि या वर्षी किमान ३१) तर रेसिडेंट. ऑक्टोबरात पहिल्यांदा आलात तर ९०-९२ दिवस, म्हणजे नॉनरेसिडेंट, फॉर्म १०४०-एनआर, आणि त्यावर जॉइंटही नाही, हेड ऑफ हाउसहोल्डही नाही, एच-१बी वाल्याला स्टँडर्ड डिडक्शनही नाही.

एक वाट आहे, फर्स्ट-इयर चॉइस. पुढच्या वर्षी दिवसांची अट पुरी झाली की मागच्या वर्षाच्या त्या शेवटच्या महिन्यांसाठी रेसिडेंट व्हायचं निवडता येतं, आणि बायकोबरोबर मिळून पूर्ण वर्ष रेसिडेंट धरून जॉइंट भरता येतं. त्यासाठी थांबावं लागतं. आल्यापासून इथेच असाल तर साधारण जूनच्या सुरुवातीला अट पुरी होते, तोवर १५ एप्रिलच्या आत फॉर्म ४८६८ ने मुदत वाढवून घ्यायची. मुदतवाढ कागद भरायला मिळते, पैसे भरायला नाही. आणि पूर्ण वर्ष म्हटलं की जानेवारी ते सप्टेंबरचा भारतातला पगारही आला, त्याचा फॉर्म १६ जवळ ठेवा.

११. आम्ही दोघं एफ-१ वर शिकतोय, लग्न झालंय. जॉइंट?

नाही. एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं दिवस मोजलेच जात नाहीत, त्यामुळे दोघंही नॉनरेसिडेंट आणि दोघांनी आपापला १०४०-एनआर विवाहित म्हणून सेपरेट भरायचा. एक चांगली गोष्ट, भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. सॉफ्टवेअरमध्ये साधा १०४० भरून मोकळे होणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात, रिफंड जास्त दिसतो म्हणून, आणि नंतर दुरुस्ती करत बसतात. दोघांपैकी एक जण एच-१बी होऊन वर्षअखेरीला रेसिडेंट असेल तर प्रश्न ९.

१२. घर माझ्या पगारावर चालतं, मग मी हेड ऑफ हाउसहोल्ड ना?

नावाने सगळे फसतात. कुटुंबप्रमुख असा त्याचा अर्थ नाही. ३१ डिसेंबरला अविवाहित (किंवा प्रश्न १३ प्रमाणे तसं मानलेले) असायला हवं, घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भार तुमचा हवा, आणि मूल किंवा नियमात बसणारा नातेवाईक अर्ध्या वर्षाहून जास्त तुमच्याकडे राहायला हवा. बायको बरोबर राहत असेल तर तुम्ही यात बसत नाही, एकटे कमावत असलात तरी.

१३. लग्न झालंय, डिव्होर्स नाही, पण आम्ही वेगळे राहतो आणि मुलगी माझ्याकडे आहे. सेपरेटच भरू का?

थांबा, आधी हे बघा. वर्षाचे शेवटचे सहा महिने नवरा त्या घरात राहिलेला नसेल, मुलगी अर्ध्या वर्षाहून जास्त तुमच्याकडे असेल, घरखर्च निम्म्याहून जास्त तुम्ही करत असाल, आणि त्याच्याबरोबर जॉइंट भरत नसाल, तर कायदा तुम्हाला अविवाहित मानतो आणि हेड ऑफ हाउसहोल्ड मिळतं. डिडक्शन १५,७५० चं २३,६२५ होतं आणि सेपरेटवाल्यांना बंद असलेली बरीच क्रेडिट पुन्हा उघडतात. हे माहीत नसल्यामुळे एकट्या आईने जास्त पैसे भरलेले मी पाहिलेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तीन वर्षांच्या आत असाल तर मागची रिटर्न फॉर्म १०४०-एक्स ने दुरुस्त करून घ्या.

दुसरा प्रकार: नवरा किंवा बायको नॉनरेसिडेंट असून भारतात, तुम्ही रेसिडेंट, मूल इथे तुमच्याकडे. प्रश्न ९ ची निवड केली नाही तर इथेही तुम्ही अविवाहित मानले जाता. पण पात्र व्यक्ती हवीच. तिकडचा जोडीदार ती व्यक्ती होऊ शकत नाही.

१४. आई-बाबांना दर महिन्याला पैसे पाठवतो. डिपेंडंट दाखवू का? हेड ऑफ हाउसहोल्ड होईल का?

आई-बाबा भारतात राहत असतील तर नाही, कितीही पाठवा. डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती) व्हायला अमेरिकन नागरिक किंवा रेसिडेंट हवं, नाहीतर कॅनडा-मेक्सिकोचा रहिवासी.

ग्रीन कार्डवर इथे असतील तर वाट आहे: त्यांचं वर्षाचं उत्पन्न ५,२०० डॉलरच्या आत आणि निम्म्याहून जास्त खर्च तुमचा. बाबांची पेन्शन, एफडीचं व्याज, गावाकडच्या घराचं भाडं हे धरून ५,२०० मोजायचे, आणि तिथेच बहुतेक जण बाहेर पडतात. अट पुरी होत असेल आणि तुम्ही अविवाहित असाल तर आई-वडिलांनी तुमच्याच घरात राहायला हवं असंही नाही, त्यांच्या वेगळ्या घराचा निम्म्याहून जास्त खर्च करत असाल तरी हेड ऑफ हाउसहोल्ड.

व्हिजिटर व्हिसावर दर वर्षी सहा-सहा महिने येणाऱ्यांचं काय? १८० अधिक ६० अधिक ३०, बेरीज २७०, म्हणजे दिवसांच्या हिशोबाने रेसिडेंट ठरतात. मग त्यांची भारतातली सगळी कमाई इथे दाखवावी लागते. या वर्षीचे दिवस १८३ च्या आत असतील आणि घरदार तिकडे असेल तर फॉर्म ८८४० भरून क्लोजर कनेक्शन सांगून नॉनरेसिडेंट राहता येतं. डिपेंडंटच्या ५०० डॉलरच्या क्रेडिटसाठी त्यांना यात ओढू नका असं मी सांगते.

१५. घटस्फोट झालाय, मुलगा दोघांकडे राहतो. हेड ऑफ हाउसहोल्ड कोण?

रात्री मोजा. ज्याच्याकडे वर्षात जास्त रात्री, तो कस्टोडियल पालक, हेड ऑफ हाउसहोल्ड त्यालाच. तो फॉर्म ८३३२ सही करून चाइल्ड टॅक्स क्रेडिट दुसऱ्याला देऊ शकतो, पण हेड ऑफ हाउसहोल्ड सहीने देता येत नाही. कोर्टाच्या कागदात आलटून-पालटून लिहिलेलं असलं तरी रात्रींचा नियम बदलत नाही.

१६. मग सेपरेट कधी भरायचं? त्याचा काहीच उपयोग नाही का?

तोटे आधी: कॉलेजच्या फीची क्रेडिट जातात, स्टुडंट लोनच्या व्याजाची वजावट जाते, एकाने आयटमाइझ केलं (स्टँडर्ड डिडक्शनऐवजी खरे खर्च वजा केले) तर दुसऱ्यालाही करावंच लागतं, एकत्र राहत असाल तर रॉथ आयआरएची (निवृत्तीच्या बचत खात्याची) पात्रता ० ते १०,००० डॉलर कमाईतच संपते. जादा वेळेच्या पगाराची आणि ६५ वर्षांवरच्यांची ६,००० ची नवी वजावट विवाहितांना फक्त जॉइंटवर. पाळणाघरासाठी पगारातून बाजूला काढायची मर्यादाही ५,००० ऐवजी २,५००. बिनकमाईच्या जोडीदाराच्या नावे नवऱ्याच्या कमाईतून आयआरए भरता येतो (७,०००), तोही जॉइंट असेल तरच.

तरीही सेपरेट योग्य ठरतं, जेव्हा एकाचं मोठं स्टुडंट लोन कमाईवर आधारित हप्त्याचं आहे आणि सेपरेटमुळे हप्ता फक्त त्याच्या पगारावर ठरतो. किंवा एकाचा हॉस्पिटलचा खर्च मोठा आहे, कारण तो एजीआयच्या ७.५ टक्क्यांच्या वरचाच वजा होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं कारण प्रश्न १८ मध्ये. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही प्रकारे भरून बघा, वीस मिनिटांचं काम आहे.

१७. आम्ही कॅलिफोर्नियात आहोत, सेपरेट भरताना माझाच पगार दाखवला. बरोबर ना?

नाही. अॅरिझोना, कॅलिफोर्निया, आयडाहो, लुइझियाना, नेवाडा, न्यू मेक्सिको, टेक्सास, वॉशिंग्टन, विस्कॉन्सिन, या नऊ राज्यांत लग्नानंतरची कमाई दोघांची. सेपरेट भरलं तर पगारसुद्धा अर्धा-अर्धा वाटून दाखवायचा, फॉर्म ८९५८ वर. गोव्यात पगार वगळतात, इथे नाही. प्रश्न १६ मधली स्टुडंट लोनची युक्ती या राज्यांत त्यामुळे बदलते.

१८. नवरा म्हणाला इथे सही कर, मी केली. काही जोखीम आहे का?

आहे, आणि या पानावरचं मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते हेच. जॉइंट रिटर्नवर सही म्हणजे त्यातल्या प्रत्येक आकड्याची आणि पूर्ण टॅक्सची जबाबदारी दोघांवर, निम्मी नाही, पूर्ण. त्याने साइड बिझनेसचं उत्पन्न लपवलं असेल, एनआरई (परदेशस्थ भारतीयांच्या) खात्याचं व्याज दाखवलं नसेल, तर वसुली तुमच्याकडूनही होऊ शकते, पुढे घटस्फोट झाला तरी. डिक्रीत "टॅक्स तो भरेल" लिहिलेलं आयआरएसला बांधत नाही.

आमच्याकडे शिकलेल्या, स्वतः नोकरी करणाऱ्या बायकासुद्धा "ते बघतात" म्हणतात आणि ई-फाइलचा पिन मेसेजवर पाठवून देतात. सही करण्यापूर्वी पहिली दोन पानं आणि शेड्यूल बी मधला परदेशी खात्यांचा प्रश्न वाचा, तिथे "नाही" वर टिक असेल आणि तुम्हाला माहीत असेल की ठाण्याच्या बँकेत खातं आहे, तर विचारा. पटत नसेल तर सेपरेट भरायचा तुम्हाला हक्क आहे, नवऱ्याची परवानगी लागत नाही.

सही आधीच झालीय आणि नंतर कळलं तर फॉर्म ८८५७, इनोसंट स्पाउस रिलीफ. नवऱ्याच्या लग्नाआधीच्या देण्यापोटी तुमचा रिफंड वळता झाला तर फॉर्म ८३७९, तो वेगळा.

१९. भारतातल्या खात्यांचा स्टेटसशी काय संबंध?

एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त, इथे नाही, हे स्टेटस कुठलाही असो. सगळी परदेशी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा वेगळा फॉर्म), तोही माणशी, जॉइंट रिटर्नशी संबंध नाही. परदेशी मालमत्तेचा फॉर्म ८९३८ मात्र स्टेटसवर: अमेरिकेत राहणाऱ्या सिंगल आणि सेपरेटला वर्षअखेरीला ५०,००० किंवा मध्ये कधीही ७५,००० च्या वर, जॉइंटला दुप्पट.

२०. भरून झालं, आता वाटतंय दुसरा स्टेटस बरा होता. बदलता येतो?

सेपरेटवरून जॉइंटवर, हो, मूळ तारखेपासून तीन वर्षांत १०४०-एक्स ने. जॉइंटवरून सेपरेटवर, १५ एप्रिल उलटल्यावर नाही. त्यामुळे मन बनत नसेल तर आधी सेपरेट भरा, नंतर एकत्र येता येतं.

२१. माझे मिस्टर मार्चमध्ये गेले. दोन मुलं आहेत. आता मी सिंगल का?

नाही ताई, या वर्षी तरी नाही. ज्या वर्षी जोडीदार जातो त्या वर्षाचं रिटर्न तुम्ही जॉइंटच भरू शकता, वर्षभरात दुसरं लग्न केलं नसेल तर. त्यांची मार्चपर्यंतची कमाई आणि तुमची पूर्ण वर्षाची, डिडक्शन पूर्ण ३१,५००. त्यांच्या सहीच्या जागी तुम्ही सर्व्हायव्हिंग स्पाउस म्हणून भरताय असं लिहायचं.

पुढची दोन वर्षं मूल तुमच्याकडे राहत असेल आणि घरखर्च निम्म्याहून जास्त तुम्ही करत असाल तर क्वालिफाइंग सर्व्हायव्हिंग स्पाउस, म्हणजे डिडक्शन आणि ब्रॅकेट जॉइंटचीच. ही टिक आपोआप होत नाही. सॉफ्टवेअर विचारतं, आणि त्या दिवसांत घाईने "सिंगल" दाबलं जातं, म्हणून रिटर्न भरताना कुणाला तरी शेजारी बसवा. तिसऱ्या वर्षापासून मुलं घरात असेपर्यंत हेड ऑफ हाउसहोल्ड, प्रश्न १२ च्या अटींवर. आणि तुमचा डब्ल्यू-४ याच महिन्यात बदलू नका, या वर्षी तुम्ही जॉइंटच आहात, तो पुढच्या जानेवारीत बघू.